जजसाहेबांच्या ओसरीवरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. चाळीस वर्षे मी तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात काढली. माझ्यावर न्यायाधीश कधी बसले नाहीत. बसली ती तारखेला आलेली माणसे. भाकरीचे फडके मांडीवर ठेवून ती नाव पुकारण्याची वाट बघत. त्यांतलेच एक निरगुडसरचे चिमाजी. बांधाच्या तंट्यापायी ते अकरा वर्षे येत राहिले आणि निकाल लागायच्या आधीच वारले.

१९९४ साली कोर्टात नव्या खुर्च्या आल्या आणि जुन्या सामानाचा लिलाव झाला. मला घेतले ते चिमाजींच्या मुलाने. हे जयवंतराव नुकतेच जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले होते. हमालांना ते म्हणाले, "जपून उचला रे. माझ्या वडिलांची अकरा वर्षं याच्यावर गेलीत."

कळंबला त्यांच्या घराच्या ओसरीवर मला जागा मिळाली. लोक त्यांना जजसाहेबच म्हणत. एकदा ते शेजाऱ्याला सांगत होते, "जन्मभर मी निकाल दिले. जिंकलेला आणि हरलेला एकाच एस.टी.नं गावाला परतायचे, पण एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. मग मी काय मिटवलं?"

म्हणून त्यांनी ओसरीवर तंटे मिटवायला सुरुवात केली. दोघांना ते माझ्यावर शेजारी शेजारी बसवत. आपली तक्रार सांगायची नाही, समोरच्याची सांगायची, आणि तो "व्हय, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत सांगत राहायचे. सोपान आणि भगवंत हे सख्खे भाऊ विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून चार वर्षे अबोला धरून होते. सोपान अडखळत म्हणाला, "ह्याच्या पाळीला लाइटच नसती. ह्याचा कांदा जळतो, आन् मी बघत बसतो." भगवंत रडायलाच लागला. असे कितीतरी तंटे माझ्यावर मिटले. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग १९९९ च्या उन्हाळ्यात आरती आली. कळंबच्या आक्काबाईची ही लेक आणे गावात दिली होती आणि दोन महिन्यांपासून माहेरी येऊन राहिली होती. तिचा नवरा सुदर्शन चार वडीलधारी माणसे घेऊन तिला न्यायला आला. जजसाहेबांनी दोघांना माझ्यावर बसवले.

"आरती, सुदर्शनचं म्हणणं काय आहे?"

ती खाली मान घालून घडाघडा बोलली. "जेवान गार असतं. मी उलट बोलते. इचारल्याबिगर शेजारी जाते. हाक मारली की लगीच येत नाय."

"व्हय, हेच," सुदर्शन म्हणाला. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. पोर किती समजूतदार आहे, असे एक जण म्हणालाही. मित्रांनो, ते सारे तिला इतके पाठ कसे झाले, हे कुणाच्याच मनात आले नाही.

जजसाहेबांनी सगळ्यांदेखत विचारले, "बाळ, तुला कसली भीती आहे का?"

तिने बोटे माझ्या कडेवर इतकी घट्ट आवळली की नखे लाकडात रुतली. "न्हाई," ती म्हणाली. मला सारे कळत होते. पण लाकडाला वाचा नसते.

ती नांदायला गेली. चौदाव्या दिवशी ती विहिरीत सापडली.

पोलीस आले, सुदर्शनला घेऊन गेले. आरतीचे दिवसकार्य झाल्यावर आक्काबाई ओसरीच्या पायरीवर येऊन बसली. ती ओरडली नाही.

"सायेब, तुमी समद्यांम्होरं इचारलं. माझ्या लेकीला येकटीला इचारलं असतं, तर?"

 दुसऱ्या दिवशी जजसाहेबांनी मला गोठ्यात हलवले. दोन वर्षे माझ्यावर कडब्याच्या पेंढ्या पडून होत्या. खटल्यात साहेब स्वतःहून साक्षीला उभे राहिले आणि आपण काय ओळखले नाही, ते त्यांनी भर कोर्टात सांगितले. तरीही सुदर्शन पुराव्याअभावी सुटला.

मला गोठ्यातून बाहेर काढायला लावले ते आक्काबाईनेच. तिच्याबरोबर एक तरुण बाई होती. मागोमाग तिचे सासरे गेणभाऊ माणसे घेऊन आले. आक्काबाई म्हणाली, "सायेब, हिला आदुगर येकटीला इचारा."

साहेबांनी सगळ्यांना अंगणाबाहेर घालवले, तिला माझ्यावर बसवून तोच प्रश्न विचारला आणि ते दुसऱ्या टोकाला बसून राहिले.  शेवटी ती पुटपुटली, "मला परत नाय जायाचं. नवरा मारून टाकील."

साहेब बाहेर गेले. "इथं तडजोड होणार नाही. हे प्रकरण कोर्टात जाईल आणि मी हिच्याबरोबर जाईन."

गेणभाऊ चिडले. "आवो, तुमी तर भांडणं मिटवता ना?"

"भांडण मिटवतो, गेणभाऊ. माणूस नाही."

त्या दिवसापासून आधी प्रत्येकाशी एकट्याने बोलल्याशिवाय त्यांनी कुणालाच समोरासमोर बसवले नाही. २००७ साली ते गेले. आता माझा एक पाय डुगडुगतो आणि सुतार बोलवायला कुणाला सवड नाही. त्याचे मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, शाळेत, घरात, कुठेही दोघांचे भांडण मिटवायला गेलात, तर लगेच त्यांचे हात एकमेकांच्या हातात देऊ नका. जो पटकन "न्हाई" म्हणतो, त्याला बाजूला न्या, पुन्हा विचारा, आणि तो बोलेपर्यंत त्याच्याजवळून उठू नका.