एका पंपात चार औषधं

मुलाखतीला अकरा दिवस उरले होते आणि संस्कृतीचे गाल मुरमांनी पिकल्या टोमॅटोच्या वरताण लाल झाले होते. नर्सिंगच्या प्रवेशाची मुलाखत, मंचरला. तिथे तोंडावरचा स्कार्फ काढावाच लागणार, म्हणून ती जायचंच नाही म्हणत होती. निमगाव सावा ते कॉलेज, अकरावी-बारावीची दोन वर्षं पोरीने स्कार्फाआड काढली होती. काही मैत्रिणींनी तिची हनुवटी अजून पाहिलेली नव्हती.

उपाय काय थोडे केले? लिंबू झालं, टूथपेस्ट झाली, चुलतीने दिलेलं गोरं करणारं क्रीम झालं, वर खरबरीत स्क्रब. आग झाली की तिला वाटे, औषध लागू पडतंय. हा गुण बापाचा. रखमाजीही टोमॅटोवर करपा दिसला की एकाच पंपात चार औषधं ओतायचा. डब्यावरचं प्रमाण भित्र्या लोकांसाठी छापतात, असं त्याचं मत. गेल्या साली त्याने असाच अर्धा एकर जाळून घेतला होता.

त्या सकाळी तोंडाला पाणी लावताच ती कळवळली. रखमाजी धावत आला. सोललेले गाल त्याने उजेडाकडे वळवून बघितले.

"काय काय लावतीस?"

तिने सगळं सांगितलं.

"अगं, माज्या वावराचं काय झालं बघितलंस ना? समदं एकदम घातलं, पान जळलं. बंद कर. चल, बस गाडीवर."

नारायणगावात औषधाच्या दुकानात मनाल नावाची मुलगी होती. तिने खालच्या फळीवरची शंभराच्या आतली ट्यूब काढली. "बाकी सगळं बंद. हा साधा फेसवॉश, दिवसातनं दोनदा, हलक्या हातानं. महिना-दोन महिने धीर धर. नाय कमी झालं तर स्किनच्या डॉक्टरांना दाखव."

वास नाही, फेस बेताचा, आग तर नाहीच. संस्कृतीचा जीव टांगणीला लागला. आग न होणारं औषध काय डोंबल काम करणार? अन् महिने? हातात तर दिवस होते!

आठवड्याने जळजळ थांबली, पण फोड होतेच. दहाव्या दिवशी हनुवटीवर नवा टपोरा फोड आला आणि तिचा धीर सुटला. कपाटातलं जुनं क्रीम तिने बोटावर घेतलंसुद्धा. एकदाच लावलं तर? मग तिला तो जळालेला अर्धा एकर आठवला. बोट फडक्याला पुसून ती रडत बसली.

दुसऱ्या दिवशी ती मंचरला गेली खरी, पण स्कार्फाची गाठ सुटता सुटेना. समोरच्या मॅडमनी कागदातून मान वर केली. त्या कुठे बघतायत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"रुग्णाला औषधाचा गुण येत नाही. दुप्पट देशील?"

"नाही, मॅडम. डॉक्टरांना सांगीन." तिने स्कार्फ मांडीवर ठेवला. "अन् घरी तो आणखी काय काय करतोय, ते आधी विचारीन. लाजून सांगत नाहीत लोक."

"तुला काय माहीत?"

अकरा दिवस जे गाल लपवायच्या काळजीने तिला झोप नव्हती, त्या गालांकडे तिने आपणच बोट केलं.

"मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं, मॅडम."