डेलचा कायदा

ईस्टरच्या आधीच्या उपासांतला तिसरा शुक्रवार होता. त्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून टर्नर्स लँडिंगच्या चर्चच्या तळघरात दर आठवड्याला तळलेल्या माशांचं जेवण होतं, आणि गेली एकवीस वर्षं तिथल्या कढईपाशी अर्लीन बोर्कोव्स्की उभी असते. एरवी ती गावच्या शाळेत स्वयंपाकीण. अर्धं गाव तिच्या हातचं खाऊन मोठं झालेलं, त्यामुळे अर्धं गाव तिच्या झाऱ्याला अजून वचकून असतं.

"मार्विन, तिसऱ्यांदा आलास रांगेत. उपास आहे म्हणे तुझा!"

"मासे मोजू नयेत, मिस अर्लीन. देवाला राग येतो."

"देवाचं मी बघते. तू कोबी घे जास्तीचा."

ती हसली, आणि रांगेतल्यांना बरं वाटलं. तिचा एकुलता एक मुलगा डेल जाऊन चौदा महिने झाले होते. पत्त्यांच्या नादापायी त्याने वयाच्या चौतिसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने जीव संपवला. पहिल्या महिन्यात लोक डबे घेऊन आले, दुसऱ्या महिन्यात तिला पाहून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाऊ लागले. वाईट मनाने नव्हे. काय बोलायचं ते कोणाला सुचत नव्हतं. डेलची बायको जोडी आणि सहा वर्षांची नात नोरा अजून अर्लीनच्या घरात मागच्या खोलीत राहत होत्या.

जेवणं निम्मी आटोपली तेव्हा सिनेटर जेराल्ड प्रुइट आला. राज्याच्या राजधानीत हा मोठा माणूस, पण अर्लीनच्या लेखी चौथीत वाटाणे खिशात लपवणारा जेरी. सगळ्यांशी हात मिळवून तो तिला फ्रीजरच्या आडोशाला घेऊन गेला. जोडीही मागोमाग आली.

"मिस अर्लीन, डेलच्या नावाने कायदा करावा म्हणतोय."

"कसला रे कायदा?"

"जुगारात सापडलेल्यांना वाचवणारा. ज्याला थांबायचंय त्याने एकदा यादीत नाव घातलं, की कुठल्याही साइटने त्याला खेळायला बसवायचं नाही. उपचार, मदतीचा फोन, सगळं सरकारकडून. तुम्ही फक्त समितीपुढे येऊन डेलबद्दल बोला."

त्याने दोन पानं पुढे केली. वर लिहिलं होतं, 'डेलचा कायदा'. खाली कलम एकेचाळीस. अर्लीनने हात पुसले आणि नावावरून बोट फिरवलं. मुलाचं नाव इतक्या देखण्या अक्षरांत तिने याआधी फक्त थडग्याच्या दगडावर पाहिलं होतं.

"आणि आधीची चाळीस कलमं?"

"ती सगळी वकिली. परवाने, कर. वाचलीत तर झोप लागेल तुम्हाला."

"येईन मी," अर्लीन म्हणाली आणि तिला रडू फुटलं. जेरीने तिला जवळ घेतलं. जोडी त्या वेळी फ्रीजरचं आधीच स्वच्छ असलेलं दार पुसत होती.

आता जेरीने काय सांगायचं गाळलं ते सांगायला हवं. घरबसल्या पोकर, म्हणजे पैसे लावून पत्ते, खेळायला परवानगी देणारं विधेयक आमच्या राज्यात तीनदा आलं आणि तीनदा समितीतच मेलं. नदीपलीकडच्या राज्यात ते केव्हाच कायदेशीर झालं होतं. आमचे लोक पूल ओलांडायचे, पलीकडच्या पेट्रोल पंपावर गाडी लावायचे आणि गाडीतच बसून फोनवर खेळायचे. त्यांचा पैसा तिकडच्या तिजोरीत जातो म्हणून राजधानीतल्यांचा जीव कासावीस होत असे. खेळणाऱ्यांसाठी मात्र कोणाचा होत नव्हता. चर्चला जाणारे पाच-सहा सदस्य दर वेळी आडवे येत. मग कंपन्यांच्या पगारावर राजधानीत बसणाऱ्या कोणा हुशार माणसाला आमची ती जुनी रीत आठवली: कायद्याला मेलेल्याचं नाव द्यायचं. मुलगी गाडीखाली गेली, तिच्या नावाने कायदा. पोरगं बुडालं, त्याच्या नावाने कायदा. रीत सुरू झाली ती चांगल्या मनाने, आईबापांच्या दुःखाला काही अर्थ यावा म्हणून. पण अशा नावाविरुद्ध हात वर करायची कोणाची छाती होत नाही, हेही सगळ्यांना कळून चुकलं होतं. साठ पानांच्या त्या विधेयकाला एक मेलेला मुलगा हवा होता, आणि तो जेरीच्या मतदारसंघात सापडला.

सुनावणी मंगळवारी सकाळी होती. अर्लीनने डेलच्या लग्नातला निळा पोशाख घातला. समितीच्या दालनाबाहेर सुटाबुटातली माणसं ताटकळत उभी होती, आणि प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला होता: 'डेलसाठी हो म्हणा'. अर्लीनला भरून आलं. माझ्या पोराला ओळखतसुद्धा नव्हती ही माणसं, तिला वाटलं, आणि बघा कशी आलीत! तिने दोघातिघांचे हात हातात घेऊन आभार मानले. त्यांनीही ते मानू दिले.

बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी एक चिठ्ठी भरायची असते: नाव, गाव, विधेयकाच्या बाजूने की विरुद्ध. अर्लीनची चिठ्ठी जेरीच्या कचेरीने आधीच भरून दिली होती.

पहिला बोलला तो कंपन्यांचा वकील. आवाज मधाळ, दात पांढरेशुभ्र.

"अध्यक्षबाई, आज आपले नागरिक परराज्यात जाऊन खेळतात. या विधेयकाने ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या फोनवर, दिवसाचे चोवीस तास सुरक्षितपणे पोकर खेळू शकतील."

अर्लीनला वाटलं आपण चुकीच्या दालनात बसलो. तिने समोरच्या फलकावर पाहिलं. डेलचा कायदा.

"जोडी, हा काय बोलतोय?"

"आई, नंतर बोलू."

"पत्ते घरात आणायचं म्हणतोय तो. आपल्या डेलच्या नावाने! तुला ठाऊक होतं?"

जोडीने मान वर केली नाही. "हो. त्याचं नाव वापरायच्या संमतीची सही माझी आहे. बायकोची चालते."

"अगं पण का?"

"का म्हणजे? तो असाही खेळतच होता ना? पलीकडच्या यादीत नाव घाल म्हणून मी किती विनवलं, म्हणे ते राज्य आपलं नाही. इथे यादी असती तर घातलं असतं त्याने." मग आवाज आणखी खाली आला. "आणि त्यांनी मला काम दिलंय, आई. सल्लागार मंडळावर. नोराला घेऊन मी काय जन्मभर तुमच्या मागच्या खोलीत काढू?"

चोवीस-पंचविसाव्या वर्षी पोरीने लग्न केलं, तिशीत विधवा झाली. तिच्यावर चिडावं तर कुठून सुरुवात करावी ते अर्लीनला कळेना. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं.

टेबलावर एक छोटा दिवा असतो. हिरवा असेतो बोलायचं, पिवळा झाला की आवरायचं, लाल झाला की थांबायचं. सगळी मिळून तीन मिनिटं.

"मी जुगारावरचं भाषण लिहून आणलं होतं," अर्लीन म्हणाली, "ते आता उपयोगाचं नाही. डेल गाडी घेऊन पुलापलीकडे जायचा. एकदा तो स्वतःच मला म्हणाला, 'आई, संध्याकाळी कामावरून आलो की गाडीच्या किल्ल्या तू घे आणि मी काहीही बोललो तरी देऊ नकोस.' म्हणजे ती तुमची यादी मीच होते. तुमचं कलम एकेचाळीस. त्यात लिहिलंय, एकदा नाव घातलं तरी माणसाने मागणी केली तर बहात्तर तासांनी काढता येईल. जेरीने दिलेल्या पानावर आहे, मी वाचलंय. मला तेव्हा वाटलं, तीन दिवस म्हणजे पुष्कळ झाले."

दिवा पिवळा झाला.

"शनिवारी त्याने किल्ल्या मागितल्या. मी नाही म्हटलं. रविवारी त्याने गुडघे टेकले. चौतीस वर्षांचा माणूस, स्वयंपाकघरात, नोरासमोर. मी दिल्या. मी त्याला जन्म दिलाय आणि मी दोन दिवस टिकले नाही. तुमची कंपनी किती टिकेल? तिला तर तो खेळायलाच हवाय! आणि एक सांगते. त्या पुलावर तो दोनदा गाडी वळवून परत आला होता, त्याने स्वतः सांगितलं मला. रस्त्यात त्याला विचार करायला वेळ मिळाला म्हणून. तुम्ही तो रस्ताच काढून टाकताय."

दिवा लाल झाला. अध्यक्षबाईंनी अत्यंत सौजन्याने सांगितलं, "आपला वेळ संपला, मॅडम. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

"मी विरुद्ध आहे, लिहून घ्या."

"आपल्या चिठ्ठीवर 'बाजूने' आहे."

"ती मी भरलेली नाही."

"चिठ्ठी बदलायची मुदत सुनावणी सुरू होताना संपते."

"मग त्याचं नाव तरी काढा!"

अध्यक्षबाईंनी कागद चाळले. "पत्नीची लेखी संमती आहे."

जेरी प्रुइट उभा राहिला. त्याचे डोळे खरोखर ओले होते, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला तो नाटकातला खलपुरुष वाटायचा. "मित्रहो," तो म्हणाला, "या माउलीने एकटीने जे ओझं उचललं ते यापुढे कुठल्याही आईने एकटीने उचलू नये, म्हणूनच हा कायदा आहे."

मग एकेकाचं नाव घेऊन मतं विचारली गेली. पाच बाजूने, पाच विरुद्ध. उरल्या त्या सिनेटर हॅलोरन, नदीकाठच्याच, तिन्ही वेळा ठाम नाही म्हणालेल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"मी हो म्हणेन असं वाटलं नव्हतं. पण आज या आईचं ऐकल्यावर," त्या म्हणाल्या, "मला नाही म्हणवत नाही. हो."

टाळ्या पडल्या. बिल्लेवाल्यांपैकी एकाने अर्लीनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कमाल केलीत तुम्ही."

पुढचं सगळं झरझर झालं. दोन्ही सभागृहांत मंजुरी, मग सहीचा समारंभ. सही केलेलं पेन घरच्यांना द्यायचा प्रघात आहे. ते जोडीने घेतलं. फोटोत नोरा पांढऱ्या मोज्यांत पुढे उभी आहे. अर्लीन गेली नाही. तिने राज्यपालांना तीन पत्रं लिहिली, नाव काढा म्हणून. तिन्ही वेळा छापील उत्तर आलं, आपल्या कुटुंबाच्या त्यागाबद्दल राज्य ऋणी आहे. जोडी राजधानीत राहायला गेली. नोरा रविवारी फोन करते.

मागच्या ऑक्टोबरात अर्लीन टायर बदलायला दुकानात गेली होती. वाट पाहणाऱ्यांसाठी तिथे चार खुर्च्या आहेत. शेजारी चाळिशीचा एक माणूस बसला होता, हाताला ग्रीस, मनगटावर मुलीने बांधलेला रंगीत दोऱ्याचा पट्टा. तो फोनवर खेळत होता. प्रत्येक डावाआधी पडद्यावर 'डेलच्या कायद्यानुसार सूचना' अशी एक चौकट येई आणि तो अंगठ्याने ती उडवून देई.

"ह्या डेलची कटकट," तो आपणहून म्हणाला. "दर वेळी मध्ये तडमडतो. ह्याला बाजूला सारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही."

"कोण डेल?" अर्लीनने विचारलं.

"काय माहीत. असेल कोणी वकील."

"माझा मुलगा आहे तो," अर्लीन म्हणाली. "होता."

माणसाने फोन मांडीवर उलटा ठेवला. त्याला खरंच लाज वाटली. खुर्चीतल्या खुर्चीत तो चुळबुळला, मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्याने शब्द शोधले आणि त्याला ते सापडले.

"म्हणजे हे तुमच्यामुळे सुरू झालं होय? थँक यू हां, मॅडम. मनापासून. आधी त्या पंपावर गाडीत कुडकुडत बसायचो आम्ही. आता निदान पोरीजवळ घरी असतो."

त्याने हात पुढे केला. अर्लीनने तो हातात घेतला आणि सोडला नाही.

"तुझं नाव काय?"

"का हो?"

"पुढचा कायदा कोणाच्या नावाने आला ते ओळखता यायला हवं मला."

तो हसला. मग हसायचा थांबला. अर्लीनने पुन्हा विचारलं, या वेळी शाळेत मुलांना विचारते तशा आवाजात, आणि नाव सांगेपर्यंत हात सोडणार नाही हे त्याला कळलं. बाहेरून त्याला दोनदा हाक आली, गाडी तयार आहे म्हणून. तो उठला नाही, आणि त्याला नावही सांगवेना.