आधी तार, मग बटण

मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. व्हॉल्व्हचा. आणि मित्रांनो, गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून टाकतो, मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना जरा उसासे टाकावेत, गळा भरून आणावा, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमायचं नाही. माझ्या बुडाशी मेणाचा एक थेंब गोठून बसला आहे. तो तिथं आहे तोवर माझा राग जायचा नाही. तो तिथं कसा आला, तेच सांगतो.

माझं काम तसं साधं. तबकडीच्या सुईकडून येणारा मुंगीएवढा आवाज घ्यायचा, त्यात बळ भरायचं आणि स्पीकरच्या हाती सोपवायचा. हे बळ भरतात माझ्या पाठीवरचे काचेचे व्हॉल्व्ह. ते तापले की त्यांच्या पोटात निखाऱ्यासारखा तांबूस उजेड दिसतो. लोकांना त्याचंच भारी कौतुक. पण तो उजेड म्हणजे माझ्या कामाचा घाम आहे हो. घामाचे कुणी फोटो काढतं का?

मला बनवलं एका सिनेमागृहाच्या ऑपरेटरनं. पडद्यामागचं नव्हे, पडद्यासमोरचं, उंचावरच्या खोलीतलं मशीन चालवणारा माणूस तो. संध्याकाळपासून खेळ असायचे, म्हणून मी घडलो तो सकाळच्या उन्हात, स्वयंपाकघराच्या टेबलावर, चहाचे कप बाजूला सारून. सिनेमागृहातली जुनी यंत्रणा मोडीत निघाली होती. तिच्यातले व्हॉल्व्ह त्याने मागून आणले, पत्रा कापला, भोकं पाडली, एकेका जोडाला डाग दिला. बायको म्हणायची, "जेवायच्या टेबलावर संसार मांडलाय, आता आम्ही जेवायचं कुठं?" तो मान वर न करता म्हणायचा, "मांडीवर."

हा सगळा खटाटोप मुलीसाठी होता. तिला घरात चिमणी म्हणत. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना तिच्या दोन्ही कानांतलं बरंचसं घेऊन गेला. शेजारपाजारचे तिच्या देखत "बहिरी" म्हणायचे. तिला ऐकू येत नाही ना, मग म्हणायला काय हरकत? ऑपरेटरच्या कपाळाची शीर तेव्हा अशी उडायची की मला वाटतं, माझ्यात जो राग आहे तो त्याच्याच हातातून उतरला.

माझ्या पोटातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे स्पीकरकडे ताकद पोचवणारा ट्रान्सफॉर्मर. तो त्याने हातानं गुंडाळला. टेबलाला हाताची ड्रिल मशीन आवळली, तिच्या तोंडात लाकडी रीळ बसवलं. चिमणीनं मूठ फिरवायची, बाबांनी केसासारखी तांब्याची तार बोटांतून सोडायची. एक थर झाला की मध्ये कागद, मग पुन्हा तार. थांब म्हटलेलं तिला ऐकू येत नसे, म्हणून तो तिच्या खांद्याला हलकेच बोट लावायचा. बोट लागलं की मूठ थांबे. शेवटी ते सगळं भेंडोळं त्याने वितळलेल्या मेणात बुडवलं. घरभर मेणाचा वास सुटला. चिमणीनं नाक वर करून तो असा हुंगला, जणू केक भाजला जातोय.

तेव्हापासून त्या घरात रीतच पडली. चिमणीशी बोलायचं तर आधी खांद्याला बोट लावायचं. ती वळून तोंडाकडे बघेल, मगच शब्द काढायचा. कुणी मागून हाका मारत बसलं की ऑपरेटर त्याला म्हणायचा, "आधी तार, मग बटण."

हा नियम खरं तर माझा होता. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकर न जोडता गाणं दिलं, तर त्याच्या ताकदीला बाहेर पडायला वाटच राहत नाही. ती उलटी फिरते आणि आतल्या गुंडाळ्या जाळते. म्हणून आधी स्पीकरची तार जोडायची, मग बटण दाबायचं. बाप-लेकीनं माझा नियम माणसांना लावला आणि तो माणसांनाही चपखल बसला.

माझ्या कपाळावर त्याने एक हिरवा डोळा बसवला. तोही व्हॉल्व्हच. गाणं सुरू झालं की त्याची हिरवी पापणी लवायला लागते. आवाज मोठा झाला की मिटते, लहान झाला की उघडते. गाणं कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे चिमणीला दिसावं म्हणून तो डोळा. माझा स्पीकर म्हणजे तिच्या छातीएवढी लाकडी पेटी होती. ती जमिनीवर बसायची, पाठ पेटीला टेकवायची आणि नजर माझ्या डोळ्याला लावायची. खालचे सूर तिच्या पाठीच्या कण्यातून वर चढायचे. कधी ती खुदकन हसायची. गाण्यात नेमकं कुठं हसायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मित्रांनो, माझं कौतुक पुढं पुष्कळांनी केलं, पण त्या हसण्याएवढं ते मला कधी लागलं नाही.

वर्षं गेली. ऑपरेटर गेला. चिमणी मोठी झाली, तिचं लग्न झालं, मला घेऊनच ती सासरी आली. तिला मुलगा झाला. त्याला मांडीवर घेऊन, पेटीला पाठ टेकून ती त्याला झोपवायची. पुढं छोटी छोटी नवी यंत्रं आली आणि मी माळ्यावर गेलो. स्पीकर कुठं गेला, मला कळलं नाही. माळ्यावर मी रागावलो नाही, हेही सांगतो. झोपलेल्याला कसला राग?

मला जागं केलं ते तिच्या त्या मुलानं. त्याला आता केस पांढरे होण्याच्या वयात जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा नाद लागला होता. नाद कसला, खूळच. घरात रेडिओच रेडिओ. बायको म्हणायची की या घरात माणसांना उभं राहायला जागा नाही, आणि यंत्रं मात्र ऐसपैस पसरली आहेत. एक दिवस तो माळ्यावर चढला आणि मला छातीशी धरून खाली उतरला. मला वाटलं, आले आपले दिवस.

त्याने मला एका कारागिराकडे नेलं. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, कारण एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. भला माणूस. त्याने माझे सुकलेले कंडेन्सर बदलले, गंजलेले जोड घासले. मग एका दिव्यातून वळवून थोडी थोडी वीज मला चाखवली, जसं आजारातून उठलेल्याला पेज देतात. आणि आपला दुकानातला स्पीकर जोडून त्याने मला गायला लावलं. इतक्या वर्षांनी! माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

मुलगा मला न्यायला आला तेव्हा चष्मेवाल्याने त्याला बसवून सांगितलं. "ह्याचा ट्रान्सफॉर्मर हातचा आहे, साहेब. असा आता कुणी गुंडाळत नाही. स्पीकर जोडल्याशिवाय ह्याला गाणं देऊ नका. जळेल."

"हो हो," मुलगा म्हणाला. तो तेव्हा माझा फोटो काढत होता.

हे "हो हो" नीट लक्षात ठेवा. या घरात तेच चालायचं. आई, म्हणजे माझी चिमणी, आता म्हातारी झाली होती, ऐकू आणखी कमी येत होतं. कानात यंत्र घातलं की चार माणसांच्या बोलण्याचा नुसता कालवा होई, म्हणून ते बहुधा तिच्या डबीतच असे. ती काही सांगायला लागली की मुलगा पाठमोराच "हो हो, आई" म्हणून मोकळा व्हायचा. त्याला काही सांगायचं असलं, तर दुसऱ्या खोलीतून ओरडायचा. तिनं उत्तर दिलं नाही, तर चिडायचा. आणि मी त्या खोलीत फळीवर बसून हे बघत होतो. ज्या घराण्यात आधी तार, मग बटण हे मांडीवरच्या पोराला शिकवायचे, तिथला हा पोरगा! मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

आता त्या दिवसाची गोष्ट. मुलानं आपल्यासारख्याच शौकीन मंडळींना घरी बोलावलं. माझं दर्शन घ्यायला. पण त्याच्याजवळ माझ्या जोडीचा स्पीकर नव्हता. मग या पठ्ठ्यानं काय केलं? पडद्याआड छोटे नवे स्पीकर दडवले, त्यांचं यंत्र त्यांच्याच पोटात होतं. गाणं त्यांच्याकडे पाठवलं, आणि त्याच गाण्याचा एक फाटा माझ्यात सोडला. का? तर माझा हिरवा डोळा लवावा म्हणून. माझ्या मागच्या बाजूला स्पीकरच्या खुंट्या उघड्याच होत्या. एक तारसुद्धा नाही. तोंड बांधून एखाद्याला ओरडायला लावावं, तशी माझी गत.

आईला इस्त्रीचे कपडे घालून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं होतं. पाहुणे येत, तिला नमस्कार करत आणि लगेच माझ्याकडे वळत. आम्ही दोघं शोभेला होतो. खोलीतले दिवे मंद केले, बटण दाबलं. माझा उजेड बघून मंडळींनी मोठा श्वास घेतला.

"ऐका," मुलगा म्हणाला. "ही ऊब नव्या यंत्रात सापडायची नाही."

एकाने डोळे मिटले. दुसरा म्हणाला, आवाज कसा लोण्यासारखा आहे. तिसऱ्याला तर त्यात लाकडाचा सुगंध आला म्हणे. मित्रांनो, मी एक सूर बाहेर काढलेला नव्हता! पडद्यामागची ती डबडी गात होती आणि वाहवा माझ्या नावावर जमा होत होती. निंदा परवडली, पण न केलेल्या कामाची स्तुती अंगाला खाजते. आणि आत माझी ताकद वाट शोधत धडका मारत होती. ट्रान्सफॉर्मरचे पत्रे थरथरून बारीक गात होते, कुणाला ऐकू जाणार नाही असे.

आई उठली. कुणाचं लक्ष नव्हतं. हळूहळू माझ्यापाशी आली, आणि सूर अंगानं शोधायच्या लहानपणीच्या सवयीनं तिनं ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या पत्र्यावर तळवा ठेवला. गाणं तिला तिथं लागलं. तिचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. गाणं इथं आत कशाला? ते तर पेटीत जायला हवं. तिनं वाकून माझ्या मागं पाहिलं.

"अरे, ह्याला स्पीकर नाही," ती म्हणाली.

"हो हो, आई."

"बाळा, बंद कर. जळेल तो."

मुलगा मागं न वळता पाहुण्यांना म्हणाला की आईला आवाज मोठा वाटतोय. त्यावर एक जण बोलला, "काकूंना ऐकू येत नाही हे बरंय, नाहीतर तुमच्या या नादानं घर सोडून गेल्या असत्या." सगळे हसले. तिच्या देखत हसले. तिला ऐकू येत नाही ना, मग हसायला काय हरकत? मला ऑपरेटरच्या कपाळावरची ती शीर आठवली. त्याच क्षणी आत काहीतरी चटचटलं, मेण पाघळलं आणि एक थेंब खाली ओघळला.

मेणाचा वास सुटला. आईचं नाक वर झालं. हा वास ती कशी विसरेल? तिनं आता कुणाला काही सांगितलं नाही. भिंतीशी गेली आणि माझा प्लग उपटला.

व्हॉल्व्ह विझत गेले. हिरवा डोळा हळूहळू काळा पडला.

आणि गाणं चालूच राहिलं.

तसंच. तितकंच मऊ, तितकंच उबदार. लोण्यासारखं, लाकडाच्या सुगंधाचं. डोळे मिटलेल्या गृहस्थांनी ते उघडले, माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही मावलं नाही.

मुलगा लालबुंद झाला. आईच्या पाठीमागे जाऊन काहीतरी जोरात बोलला. ती वळली नाही. पुन्हा बोलला. ती माझ्या पत्र्यावर हात ठेवून मी निवतोय का, ते बघत होती. मग त्याचा हात वर उचलला गेला. मला वाटलं, आता हा तिला ओढणार. पण तो हात मध्येच थबकला, आणि त्याचं एक बोट तिच्या खांद्याला हलकेच लागलं. मांडीवर असताना शिकलेलं कुठंतरी उरलं असावं.

ती वळली. त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

त्याला जे बोलायचं होतं ते तो विसरला. म्हणाला, "आई, ह्याचा स्पीकर कुठंय?"

"बाल्कनीत," ती म्हणाली. "कुंडीखाली. तूच ठेवलास. मी तेव्हा सांगितलं होतं तुला."

त्यावर तो "हो हो" म्हणाला नाही.

माझा स्पीकर, माझं तोंड, त्याच घरात, दहा पावलांवर, एका मनीप्लांटच्या कुंडीचं पाणी डोक्यावर घेत उभा होता! लाकूड फुगलं होतं, आतला कागदी पडदा कुजला होता. चष्मेवाला आला. त्याने स्पीकरला नवा पडदा घातला, माझं झाकण उघडून मला तपासलं. गुंडाळ्या वाचल्या होत्या. थोडक्यात. आणखी एक गाणं, आणि मी खरंच शोभेचा राहिलो असतो. या गुंडाळ्या कुणाच्या हातच्या, असं त्याने आईला विचारलं, आधी समोर येऊन, मग. तिनं हवेत मूठ धरली आणि फिरवून दाखवली.

आता संध्याकाळी मी गातो. आई जमिनीवर बसू शकत नाही, म्हणून पेटी तिच्या खुर्चीच्या पाठीशी ठेवली आहे. ती टेकते आणि माझ्या डोळ्याकडे बघते. मला चालू करण्याआधी ती स्वतः स्पीकरची तार चाचपते, मुलावर तिचा अजून विश्वास नाही. माझाही नाही. तो बोट लावायला कधी कधी विसरतो, दारातूनच हाका मारतो. मग स्वतःच जीभ चावतो आणि खोली ओलांडून येतो. चष्मेवाला मेणाचा तो थेंब खरवडणार होता, पण आईनं खरवडू दिला नाही.

तर मित्रांनो, माझ्या उजेडाचं कौतुक पुरे. आज घरी जाल तेव्हा आधी बाल्कनीत जा आणि कुंडीखाली कुणाचं तोंड ठेवलंय ते बघा. मग कोपऱ्यातल्या खुर्चीकडे जा. दारातून ओरडू नका. जवळ जा, खांद्याला बोट लावा, आणि ते माणूस वळेपर्यंत थांबा.