पेशंट कोण?

घरात तिला सगळे हेडमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. वीसेक वर्षांपूर्वी आई आतड्याच्या कॅन्सरने गेली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून वडिलांना साधा ढेकर आला तरी हिचे कान टवकारत. आज तर तिने त्यांना कोलोनोस्कोपीसाठी हाताला धरून आणलं होतं. वडील नव्वदीला टेकलेले, पोटाची तक्रार काडीची नाही.

"आतडं दुर्बिणीने बघा, गाठ दिसली तर काढून टाका," तिने हुकूम सोडला.

डॉक्टरीणबाई तिच्याहून बऱ्याच लहान. त्यांनी वडिलांना नीट तपासलं आणि म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"अशा गाठीचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात. फायदा झालाच तर तेव्हा. त्रास मात्र आत्ताच. पोट साफ करायचं औषध, भूल, क्वचित आतड्याला इजा. आजोबांचं हृदय थकलंय. त्यांना फायद्यापेक्षा धोका जास्त."

"ऐकलंस? मी सुटलो!" वडील खुर्चीतच फुलले.

हेडमास्तरांचा पारा चढला. "आईच्या वेळीही आम्ही असेच गाफील राहिलो! आतड्याच्याच कॅन्सरने गेली ती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग तुमची तपासणी कधी झाली?"

"माझी? मला कुठे काय होतंय?"

"आईंना तरी सुरुवातीला काय होत होतं? तुम्ही पन्नाशीतल्या, पुढे कितीतरी वर्षं आहेत. खरा फायदा तुम्हाला आहे."

ती घाबरली, तरी मनात आलं, बाई खमकी आहे. चालून आलेला पेशंट परत पाठवायला आणि सोबत आलेल्याला धरायला छाती लागते.

"हेडमास्तर, आता तुमचा नंबर," वडील म्हणाले. पण त्यांच्या आवाजातली थट्टा पार आटली होती.

पुढच्याच आठवड्यात तपासणी झाली. ती गुंगीतून जागी झाली तेव्हा वडील उशाशी बसले होते आणि डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "एक गाठ होती, वाटाण्याएवढी. काढली. तपासायला पाठवलीय, पण कॅन्सरसारखी दिसत नाही. राहिली असती तर पुढे काय झालं असतं, कुणी सांगावं."

वडिलांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "हिच्या आईच्या वेळी कुठे होता हो तुम्ही?"

"शाळेत, आजोबा."

वडील खदखदून हसले, आणि हसता हसताच ढसाढसा रडू लागले.