आत पडलेला चेंडू

कोच व्हर्जिल टेस्कीला कॉर्विन अनरू मिळाला, तो दुसरा एक मुलगा न मिळाल्यामुळे.

कॅन्ससमध्ये कॉलेजच्या टेनिस कोचकडे लोक वाळवंटातल्या नावाड्याकडे बघावं तसे बघतात. सहानुभूती असते, पण बसायला कुणी येत नाही. ब्लफ क्रीक कॉलेजने टेस्कीला पोहण्याच्या तलावाखालची एक खोली दिली होती. तिथे भिंतींनाही क्लोरीनचा वास यायचा. वर्षभरात जिंकलेले सामने मोजायला त्याला एक हात पुरायचा आणि त्या हाताला अंगठा नसता तरी अडलं नसतं. त्या वसंतात विचिटा शहरातल्या एका नामी खेळाडूने टेस्कीच्या खर्चाने भलामोठा स्टेक खाल्ला, तोंड पुसलं आणि मोठ्या विद्यापीठात जात असल्याचं सांगितलं. रिकाम्या हाताने परतताना टेस्कीला आठवलं की याच रस्त्यावर एक खेडं आहे आणि तिथे एक पोरगा धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर टेनिस खेळतो म्हणे.

तो पोरगा म्हणजे कॉर्विन. हातपाय लांब, फोरहँड बरा, बॅकहँड देवाच्या हवाली.

त्याची आई लोरेनाबाई शाळेची पिवळी बस चालवायच्या. त्यांनी टेस्कीला जेवायला बसवलं, त्याच्या पुढ्यात ताज्या चीजच्या उकडलेल्या वेरेनिके वाढल्या आणि वर हॅमचा पांढरा रस्सा ओतला. करंजीसारख्या त्या वेरेनिके टेस्कीने तीनदा मागून घेतल्या. मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या घरात पाहुण्याने तिसऱ्यांदा मागून घेतलं की तो घरचाच झाला असं समजतात. टेस्कीला हे माहीत नव्हतं. त्याला फक्त भूक होती.

"कोच, स्पष्टच सांगते," लोरेनाबाई म्हणाल्या. "पोरगा गणितात कच्चा आहे. भाज्या खात नाही. पण खोटं बोलत नाही. गणित नाही सुधारलं तरी चालेल. जे आहे ते मात्र बिघडवू नका."

"मिसेस अनरू, माझ्या संघात आधी चारित्र्य, मग टेनिस!" टेस्की भरल्या तोंडाने म्हणाला. संघाचे निकाल पाहता यातला निम्मा भाग सहज पटण्यासारखा होता. "जसा देताय तसाच परत देईन."

लोरेनाबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. त्यांना तीच एक सवय होती.

कॉलेजच्या टेनिसमध्ये रेषेवर पंच नसतो. सहा कोर्टांवर मिळून एक पंच हिंडत असतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानेच सांगायचं. बाहेर असेल तर बोट वर करायचं. पहिल्या वर्षी कॉर्विनचं बोट क्वचितच वर जायचं. समोरच्यालाही स्वतःचा चेंडू बाहेर वाटायचा, तेव्हा हा म्हणायचा, "नाही, नाही, रेषेला लागला! मस्त मारलास!" आणि हरून आनंदाने परत यायचा. प्रतिस्पर्धी संघांत तो फार लोकप्रिय होता.

शेवटी टेस्कीने त्याला तळघरातल्या खोलीत बोलावलं.

"कालचा तिसऱ्या सेटमधला तो चेंडू..."

"मला शंका होती, कोच."

"नियम काय सांगतो?"

"शंका असेल तर चेंडू समोरच्याचा."

"बरोबर. मग घोटाळा कशाने होतो?"

कॉर्विनने विचार केला. "शंकेने?"

"शाबास! मग ती घेतोस कशाला?"

टेस्की बस्स, एवढंच म्हणाला. खोटं बोल असं तो कधीही म्हणाला नाही. पुढे कित्येक रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याने हा मुद्दा स्वतःपुढे मांडला आणि दर वेळी तो खटला जिंकला. झोप मात्र लागली नाही.

कॉर्विन आज्ञाधारक मुलगा. त्याने शंका घेणं सोडलं. आधी काठावरच्या चेंडूंबद्दल, मग काठापासून थोड्या आतल्यांबद्दल. तो जिंकायला लागला. संघ जिंकायला लागला. जिंकणाऱ्या संघाला पैसे मिळतात म्हणून टेस्कीला अर्जेंटिनाहून फाकुंदो आणता आला, मग एक सर्बियाचा, एक ब्राझीलचा. गावातल्या लोकांना त्यांची आडनावं उच्चारता यायची नाहीत, पण टाळ्या वाजवता यायच्या. फाकुंदोला पहिल्याच आठवड्यात सगळा प्रकार कळला.

"आमच्याकडे लाल मातीवर चेंडूचा ठसा उठतो, कोच," तो म्हणाला. "खोटं बोलायचं तर आधी चपळाईने ठसा पुसावा लागतो. मेहनतीचं काम! इथलं सिमेंट काही बोलतच नाही. छान देश आहे तुमचा."

टेस्की हसला. हसण्याजोगंच होतं. नंतर त्याला वाटलं, आपण जरा कमी हसायला हवं होतं.

संघाच्या शर्टांवर छापून घेतलं, "शंका नको". लोरेनाबाईंना ते फार आवडलं. चर्चमधल्या वचनासारखंच काहीतरी असावं असं समजून त्यांनी एक शर्ट स्वतःसाठी घेतला आणि जमेल त्या सामन्याला तो घालून, घडीची खुर्ची काखेत मारून त्या येऊ लागल्या.

कॉर्विनच्या शेवटच्या वर्षी ब्लफ क्रीक कॉन्फरन्सच्या, म्हणजे आसपासच्या कॉलेजांच्या संघटनेच्या स्पर्धेत अंतिम फेरीला पोचलं. समोर सॉल्ट फोर्क कॉलेज. दोन्ही संघांचे तीन-तीन गुण झाले आणि एकच सामना उरला, कॉर्विनचा. त्याच्यासमोर वेस्ली टुली नावाचा ठेंगणा, घामाने निथळणारा मुलगा होता. सगळे खेळाडू त्या एका कोर्टाभोवती जमून ओरडत होते. फाकुंदो तर स्पॅनिशमध्ये अशा शिव्या देत होता की प्राचार्यांना त्या प्रार्थना वाटल्या.

मॅच पॉइंट कॉर्विनचा. टुलीने जीव खाऊन फोरहँड मारला. चेंडू सरळ साइडलाइनवर आला, रेषेला लागला, रंगाची पांढरी भुकटी किंचित उडाली आणि पुढे निघून गेला. पंच पलीकडे होता. त्याच्या आणि रेषेच्या मधे कॉर्विनची पाठ आली होती. टेस्की रेषेच्या सरळ समोर उभा होता. इतके स्वच्छ आत पडलेले चेंडू त्याने आयुष्यात फार पाहिले नव्हते.

कॉर्विनने टेस्कीकडे पाहिलं. क्षणभरच.

टेस्कीने बुटाची नाडी बघितली. ती बांधलेली होती.

कॉर्विनचं बोट वर गेलं.

मग आरडाओरडा, उड्या, बर्फाच्या पाण्याची बादली टेस्कीच्या डोक्यावर. हस्तांदोलन करताना टुली कॉर्विनला म्हणाला, "तुझं बोट तुला लखलाभ." टेस्की चिंब भिजून उभा होता आणि सगळे त्याला मिठ्या मारत होते. तेवढ्यात "शंका नको" शर्टातल्या लोरेनाबाई खुर्ची सावरत आल्या. त्या मागच्या जाळीपाशी, त्याच रेषेच्या शेवटाला बसल्या होत्या.

"अभिनंदन, कोच! एक विचारू? तुम्ही जवळ होतात. तो शेवटचा चेंडू... बाहेर होता ना?"

"बाहेर," टेस्की म्हणाला. "शंकाच नाही."

"बरं झालं विचारलं!" त्या हसल्या. "मला तर चक्क आत दिसला. पांढरी धूळसुद्धा उडालेली दिसली. म्हातारी झाले हो मी."

"ऊन फार होतं," टेस्की म्हणाला. खरं तर ढगाळ होतं.

पंधरवड्याने कॉलेजने मेजवानी ठेवली. क्रीडा संचालकांनी टेस्कीशी नवा करार जाहीर केला, विजेत्यांसाठी अंगठ्या घडवायला टाकल्याचं सांगितलं आणि भाषणात 'चारित्र्य' हा शब्द इतक्यांदा वापरला की टेस्कीला घाम फुटला. त्याने शेजारी बघितलं. कॉर्विनच्या आईची खुर्ची रिकामी होती.

"आई कुठंय रे तुझी?"

कॉर्विन काट्याने बटाटा एका कडेकडून दुसरीकडे नेत होता. "ती गाडी चालवत नाही आता. बाबांना वेळ नव्हता."

"चालवत नाही म्हणजे?"

"बसची नोकरी सोडली. शाळेत जाऊन सांगितलं, मला नसलेलं दिसायला लागलंय, पोरांच्या जिवाशी खेळ नको."

बटाटा पुन्हा पहिल्या कडेला आला.

"तिला तू काही..." टेस्कीने आवाज खाली आणला. "म्हणजे, त्या वेळी तुला जरा शंका होती का?"

"नाही, कोच," कॉर्विन म्हणाला. "अजिबात शंका नव्हती. आत होता."

पलीकडून फाकुंदोने ग्लास उंचावला. "कोचच्या नावाने!" सगळे उभे राहिले. स्वतःच्या नावाने ग्लास उंचावतात तेव्हा आपण बसून राहायचं असतं, हे टेस्कीच्या पथ्यावर पडलं. तो कॉर्विनच्या बटाट्याकडे बघत राहिला.

शनिवारी तो खेड्याकडे निघाला. वाटेत त्याने बरीच वाक्यं तयार केली. 'रेषेच्या अगदी जवळ होता' हे एक. 'आता पुन्हा आठवून बघता' हे दुसरं. तिसरं इतकं सुंदर होतं की ते संपेपर्यंत चूक टुलीची ठरायची. धान्याचं कोठार दिसू लागलं, त्याच्या भिंतीवर चेंडूंचे जुने करडे डाग दिसले आणि तिन्ही वाक्यं गाडीतच राहिली.

"अहो कोच, या, या!" लोरेनाबाईंनी दार उघडलं. "भुकेले असाल. बसा. वेरेनिके आहेत."

"मिसेस अनरू, मला तुमच्याशी..."

"आधी खा. बोलायला काय, दिवस पडलाय. मला तरी आता काय काम!" त्यांनी ताट पुढे सरकवलं. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तो म्हणतो, डोळे ससाण्यासारखे आहेत. म्हणजे बघा, बिघाड डोळ्यांत नाही."

"नाही?" टेस्कीला एकदम हायसं वाटलं. कळलं वाटतं यांना. आपल्याला सांगावंही लागणार नाही.

"नाही ना. म्हणजे डोक्यात." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "माझ्या आईचंही असंच झालं होतं. शेवटी शेवटी तिला परसात उंट दिसायचे. पुढल्या आठवड्यात विचिटाला डोक्याचे फोटो काढायचेत. कॉर्विनला सांगू नका हं, परीक्षा आहेत त्याच्या."

टेस्कीने काटा खाली ठेवला. या बाईंनी आधी आपल्या डोळ्यांवर संशय घेतला, मग डोक्यावर घेतला. उद्या डोकंही ठीक निघालं तर त्या आपल्या आत्म्यावर घेतील, पण टेस्कीवर घेणार नाहीत. ती यादी संपून त्याचं नाव यायचंच नाही.

"चेंडू आत होता," तो म्हणाला.

"कोणता चेंडू?"

"शेवटचा. आत होता. मला दिसला. मी तुमच्याशी खोटं बोललो."

लोरेनाबाईंचा चेहरा असा उजळला की टेस्कीला बघवेना.

"म्हणजे मी बरी आहे?"

"तुम्ही बऱ्या आहात."

"देवा रे! आणि ती धूळ?"

"उडाली होती."

त्या हसल्या. एप्रनला डोळे पुसले. मग हसू हळूहळू ओसरलं आणि त्याच्यामागून जे यायचं होतं ते आलं. टेस्की त्याची वाटच बघत होता.

"कॉर्विनला दिसला होता?"

इथे टेस्कीला एक दार उघडं दिसलं. पोराला नीट दिसला नसेल, एवढं म्हटलं की झालं. आईचं मन राहील, पोराचं नाव राहील, आणि थोडं का होईना, कोचचंही राहील. दयाळूपणाच वाटेल तो. तीन वर्षांपूर्वी तळघरात बोललेली गोष्टसुद्धा त्याला तेव्हा दयाळूपणाच वाटली होती.

"दिसला होता," तो म्हणाला. "त्याने माझ्याकडे बघितलं. मी बुटाकडे बघितलं. हे त्याला मी शिकवलं, मिसेस अनरू. हळूहळू. त्याला स्वतःहून जमलं नसतं."

लोरेनाबाई टेबलावरचे पिठाचे कण बोटाने टिपत बसल्या.

"गणितात त्याला आता चांगले मार्क पडतात," शेवटी त्या म्हणाल्या.

टेस्कीला शिव्या चालल्या असत्या. त्या शिव्यांची तयारी त्याने येतानाच केली होती. या वाक्याची केली नव्हती. त्याचे कान तापले आणि पुढ्यातला रस्सा साकळत गेला.

"हे कुणाला सांगावं लागतं?"

"कॉन्फरन्सला. ते विजेतेपद काढून घेतील. माझं काय करायचं ते कॉलेज ठरवील."

"आणि तो मुलगा? ठेंगणा?"

"टुली. सॉल्ट फोर्कला असतो."

"मग आधी तो." त्या उठल्या, एप्रन सोडून खुंटीला लावला आणि गाडीची किल्ली घेतली. "ताट संपवा. टाकायचं नसतं."

टेस्कीने ताट संपवलं. प्रत्येक घास त्याला गिळावा लागला. या वेळी त्याने मागून काही घेतलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

गाडी लोरेनाबाईंनीच चालवली. रस्त्यावरचा प्रत्येक फलक त्या मोठ्याने वाचत होत्या. शर्यतीचा निकाल पुकारावा तशा. टेस्की शेजारी हात मांडीवर ठेवून बसला होता. सॉल्ट फोर्कला जायच्या आधी ब्लफ क्रीकच्या वसतिगृहासमोर गाडी थांबली. पायऱ्यांवर फाकुंदो आणि कॉर्विन रॅकेटच्या मुठींना पट्टी गुंडाळत बसले होते.

"अरे वा, कोच आज शेजारच्या सीटवर!" फाकुंदो ओरडला. "सहल का?" मग त्याने कॉर्विनचा चेहरा बघितला आणि पट्टीत डोकं घातलं.

कॉर्विनने आधी आईकडे पाहिलं. स्टिअरिंगवर तिचे दोन्ही हात होते. मग सवयीने त्याने टेस्कीकडे पाहिलं.

टेस्कीने या वेळी खाली बघितलं नाही. बघायचं फार मनात होतं.

कॉर्विनने रॅकेट पायरीवर ठेवली, मागचं दार उघडलं आणि आत बसला. कुठे जायचंय हे त्याने विचारलं नाही. गाडी सुरू झाली नाही. लोरेनाबाई आरशातून मागे बघत होत्या, बसमधल्या पोरांकडे बघायच्या तशा.

"पट्टा," त्या म्हणाल्या.

कॉर्विनने पट्टा लावला. तरीही गाडी हलेना, तेव्हा टेस्कीच्या लक्षात आलं आणि त्यानेही आपला लावला.