काही करत नाही

"यादीत नाव सापडलं," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, आणि धाकटीचा चेहरा उजळला. थोरली मात्र एक पाऊल मागे सरली.

नाव सापडूच नये म्हणून ती सकाळपासून देवाला साकडं घालत होती. नाव नसतं, तर दोघी जावा 'यांचा कारभारच असला' म्हणत हातात हात घालून घरी गेल्या असत्या. शिव्या द्यायला तिसरं कुणी मिळालं की जावांचं काय छान जमतं!

"पण कार्ड नाही मिळणार," कारकून म्हणाला. "कामाच्या रकान्यात लिहिलंय, काही करत नाही."

"कोण काही करत नाही?"

"तुम्ही."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"अहो, बारा वर्षं बूट शिवतेय मी!" धाकटीने उजवा हात खिडकीतून थेट त्याच्या नाकासमोर धरला. "हा अंगठा बघा. चिमटा काढा. काढा ना! काही कळत नाही त्याला."

कारकुनाने चिमटा काढला नाही, पण खुर्ची जरा मागे घेतली.

काम दोघींचं एकच. ठेकेदार कापलेल्या चामड्याचे गठ्ठे दारात टाकून जायचा. आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा आणि बुटाचा वरचा भाग शिवून द्यायचा. दोरा ओढून ओढून धाकटीच्या मनगटातली नस दबली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छोटं ऑपरेशन आहे, पण आता टाळलंत तर अंगठा कायमचा गेला समजा. घरी बसून काम करणाऱ्यांना ते ऑपरेशन फुकट होतं. फक्त कार्ड हवं. आणि यादीतली चूक दुरुस्त करायचा आज शेवटचा दिवस होता.

"माहिती कुणी दिली होती?" कारकुनाने विचारलं. धाकटी खिडकीच्या गजांकडे बघत राहिली. "थांबा, इथे समासात नाव असतं. काय हे अक्षर! लिहिलंय की सांडलंय?" त्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

तो चष्मा पुसून होईपर्यंत थोरलीला गेल्या वर्षीची ती सकाळ सगळी आठवली. ठेकेदाराने धाकटीचा बूट हातात घेऊन म्हटलं होतं, "याला म्हणतात टाका!" मग थोरलीचा बूट उचलला. "आणि वहिनी, तुमची शिवण म्हणजे म्हशीची चाल. पोचते, पण कुठून कुठे जाईल सांगता येत नाही." सगळे हसले. धाकटीही हसली. तासाभरातच घरोघरी कामांची नोंद करत फिरणारी यादीवाली बाई दारात उभी राहिली. घरात काम कोण करतं? थोरली म्हणाली, मी. दिवसाला किती जोड? थोरली म्हणाली, वीस. आणि आत कोण बसलंय? ती होय, माझी धाकटी जाऊ. ती काही करत नाही, घरीच असते.

बस्स, एवढंच. शेजारीपाजारी बायका एकमेकींबद्दल रोज म्हणतात तेवढंच. थोरलीने पुढे वर्षभर स्वतःची अशीच समजूत घातली. पण समजूत ही अपुरी चादर असते. डोकं झाकावं तर पाय उघडे पडतात. धाकटीच्या हातातून पेला निसटायचा आणि थोरली धावत जाऊन काचा वेचायची. "तुम्ही कशाला, जाऊबाई?" म्हटलं की उगाच ओरडायची, "मग काय तुझा नवरा वेचणार आहे?"

चष्मा नाकावर चढला.

"मी सांगितलं होतं," थोरली म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की अख्खी रांग माना उंचावून बघू लागली.

"तुम्ही कोण?"

"हिची थोरली जाऊ. खोटं सांगितलं मी."

कारकुनाने पान उलटलं. "तुमच्या नावापुढे दिवसाला वीस जोड आहेत. एकटीचे?"

"आठ. बारा हिचे."

"हे लेखी द्यावं लागेल. चौकशी होईपर्यंत तुमचं कार्ड इथे जमा राहील. त्याच्यावर काही उपचार चालू आहेत?"

"डोळ्यांचं आहे. पुढच्या महिन्यात."

"ते पुढे जाईल."

"जाऊ दे." तिने कार्ड खिडकीत सरकवलं. लगेच सरकवलं असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तिची दोन बोटं त्यावर जरा रेंगाळली.

धाकटी अजून खिडकीच्या गजांकडेच बघत होती.

"अगं, बोल ना काहीतरी," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "चार शिव्या दे. तुला येतात, मला माहितीय."

"मला माहीत होतं."

"काय?"

"ऐकलं होतं मी तेव्हाच. दाराच्या मागे तर बसले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन्ही हातांत चामडं, तोंडात सुई. सुई काढेपर्यंत बाई पुढच्या घरी गेली होती." तिने पदराने कपाळ टिपलं. "मग वाटलं, राग उतरला की तुम्ही बदलून घ्याल. आजही येताना तसंच वाटलं."

थोरलीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारकुनाने कोरा अर्ज काढला. "बोला, काय काम करतात?"

थोरलीने तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. त्यांना सांगू दे."

आणि धाकटी सांगू लागली. टाचेकडची बाजू आधी जोडायची, मग नाडीखालची जीभ. वळणावर टाके जवळ घ्यायचे, नाहीतर बूट तिथेच तोंड उघडतो. उन्हाळ्यात मेण पातळ होतं, दोरा हात कापतो. रकाना भरला. कारकून अर्ज आडवा धरून समासात लिहू लागला, पण त्याने तिला थांबवलं नाही. मागची रांगही कुरकुरली नाही.

"इथे अंगठा," तो शेवटी म्हणाला.

"सही येते मला."

तिने पेन डाव्या हातात घेतलं. पहिलं अक्षर वाकडं गेलं, पेन घसरलं. थोरलीने पुढे होऊन तिच्या कोपराला आधार द्यायला हात लावला.

धाकटीने कोपर हळूच बाजूला घेतलं, आणि दुसरं अक्षर काढायला लागली.