टेसाच्या छातीतली गुणगुण

टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यातली पाळी संपवून लोरेटा लेकीला घेऊन थेट दवाखान्यात आली. बर्फावरच्या हॉकीच्या संघात जायचं तर टेसाला डॉक्टरांनी तपासायला हवं होतं, एवढंच काम. कुणी बोलावलं नसताना लोरेटाची आई व्हर्नाही गाडीत येऊन बसली होती.

डॉक्टर लिंडक्विस्ट बाईंनी टेसाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि त्या थांबल्या. तिला आडवं करून ऐकलं, मग बसवून पुन्हा ऐकलं.

"आवाज येतोय ना?" व्हर्ना म्हणाली. "वाटलंच मला. हिच्या आईलाही होता."

लोरेटाने डोळे मिटले. लहानपणी तळं गोठलं की गावातली पोरं स्केट बांधून सुटायची आणि ती काठावर बसून राहायची. आईचं सारखं चालायचं, जिना हळू चढ. धावू नकोस. नाचू नकोस.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "हृदय छान आहे. पुष्कळ मुलांत असा आवाज येतो. आडवं झालं की वाढतो, बसलं की कमी होतो. रक्त वाहताना जरा गुणगुणतं, बाकी काही नाही. खुशाल खेळू दे तिला."

टेसाने टेबलावरून उडीच मारली.

"माझंही ऐकता का?" लोरेटाने विचारलं.

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. "काहीच नाही. मोठेपणी जातो बहुतेकांचा."

"म्हणजे तेव्हाही काही नव्हतं?"

"तेव्हाचं मी खात्रीने कसं सांगू? पण असंच काहीतरी असणार."

आपल्याला रडू येईल, असं लोरेटाला वाटलं होतं. आली ती नुसती झोप.

गाडीपाशी व्हर्नाने तिचा दंड धरला. "तुझ्या लहानपणी त्या म्हाताऱ्या डॉक्टरने सांगितलं, पोरीला जपा. मी जपलं."

"हो, आई."

"अशी गप्प नको राहूस. शिव्या तरी घाल मला."

"दमलेय गं. उद्या घालते."

दुसऱ्या दिवशी त्या शिव्या काही घातल्या गेल्या नाहीत. शनिवारी तिघी बर्फाच्या रिंकवर गेल्या. टेसा पहिल्याच फेरीत आपटली. व्हर्ना ताडकन उठली. लोरेटाने तिला कोटाला धरून खाली बसवलं. पोरगी हसत उठली, पुन्हा पडली.

"तूही शीक की," व्हर्ना हळूच म्हणाली. "भाड्याने मिळतात स्केट."

"आज नको. पाय भरून आलेत."

व्हर्ना उठली. तिने कोको आणला, आणि लोरेटाचे पाय ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले. लोरेटाने ते काढून घेतले नाहीत.